मुलगी ‘स्लिम’ म्हणायची की ‘थिन’?

तुळशीचं लग्न झालं, की घरोघर स्थळांची धांदल सुरू होते. अशाच दिवसांत परतूरला मैत्रिणीकडे गेले होते. गॅसवर पिठलं रटरटत होतं आणि ती ओट्यापाशीच लेकीची माहिती कागदावर लिहीत होती. मुलगा पुण्याला नोकरीला, म्हणून माहिती इंग्रजीत. जन्मतारीख झाली, शिक्षण झालं, उंची झाली, आणि ‘बांधा’ या शब्दापाशी पेन अडलं.

“काय लिहू गं? पोरगी अंगानं भरलेली. फॅट काही लिहिता येत नाही. हेल्दी लिहू का?”

लेक दारातच उभी होती. बोलली काहीच नाही. पण त्या दिवसापासून तिने रात्रीची भाकरी सोडली. पुढे काय झालं ते सांगतेच. आधी या शब्दांचं पाहू. कारण मैत्रिणींनो, हे शब्द आपण रोज वापरतो, पण त्यांचा नेमका रंग आपल्याला ठाऊक नसतो.

बारीक अंगाचे शब्द

‘थिन’ म्हणजे नुसतं बारीक. त्यात कौतुक नाही, निंदाही नाही. मात्र आजारातून उठलेल्या माणसालाही थिनच म्हणतात. आपण “किती रोडावलीस!” म्हणतो ना, तसा थोडा काळजीचा सूर त्यात लागू शकतो.

‘स्लिम’ म्हणजे सडपातळ. हा कौतुकाचा शब्द. गंमत अशी, की तो इंग्रजीत डच भाषेतून आला आणि तिथे त्याचा अर्थ होता वाईट, लबाड! शब्दाचंही नशीब असतं बघा.

‘स्लेंडर’ त्याहून नाजूक: शेलाटी, चवळीच्या शेंगेसारखी. ‘स्किनी’चं मूळ कातडीत, म्हणजे हडकुळी, नुसती हाडं नि कातडं. एखादीला लाडाने “काय स्किनी झालीस!” म्हणाल, तर ते पाप्याचं पितर म्हटल्यासारखं होईल, जपून! आणि ‘लीन’? आपल्याकडे लीन म्हणजे नम्र; इंग्रजीत मात्र चरबी नसलेली, काटक. दिवसभर शेतात कापूस वेचणारी, अंगावर मांस नाही पण थकणं ठाऊक नाही अशी बाई डोळ्यांसमोर आणा. ती लीन.

‘पेटीट’ हा फ्रेंचांकडून आलेला शब्द. लहान चणीच्या, ठेंगण्या आणि नाजूक बाईसाठीच तो वापरतात. पुरुषाला लावू नका, हसतील.

भरल्या अंगाचे शब्द

‘फॅट’ हा सरळ तोंडावर मारलेला शब्द: जाडी, लठ्ठ. ‘प्लम्प’ म्हणजे गोलसर, भरलेली. त्यात थोडी माया आहे. ‘चबी’ म्हणजे गुबगुबीत. गोबऱ्या गालांच्या बाळाला शोभतो, नवऱ्या मुलीला नव्हे. ‘स्टाउट’ म्हणजे जाड आणि दणकट. पूर्वी त्याचा अर्थ शूर, ताठ असा होता. आता तो बहुधा पन्नाशीच्या माणसांसाठी राहिला आहे. ‘ओबीज’ हा डॉक्टरांचा शब्द. तो मोजमाप करून लावायचा असतो, नजरेने नव्हे.

आणि आपला लाडका ‘हेल्दी’! इंग्रजीत त्याचा अर्थ फक्त निरोगी. जाड म्हणायचा संकोच वाटतो म्हणून आपण त्याच्यावर पांघरूण घातलं, जसं मराठीत ‘खात्यापित्या घरची’ म्हणतो. पण पांघरुणाखाली काय आहे ते मुलीला बरोबर कळतं.

डोळ्यांवर किती विसंबायचं?

तुम्ही म्हणाल, शब्द काहीही असो, बारीक ती निरोगी आणि जाड ती आजारी, एवढं तरी खरं ना? तेही नाही. याचं उत्तर आपल्या पुण्यातच मिळालं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच गोष्ट सांगितली. उंची-वजनाचा हिशेब दोघांचा सारखाच, २२.३. पण तपासणीत युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के!

पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांवरही याज्ञिकांनी काम केलं. ही बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधली साडेतीन किलोंची. आपली बाळं सगळ्या अंगाने लहान, पण त्या मानाने चरबी मात्र टिकवून असलेली. या ठेवणीला नाव मिळालं ‘थिन-फॅट’. दोन विरुद्ध शब्द एका अंगावर! म्हणूनच वरून सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसांनाही मधुमेह गाठतो.

मग घरी काय मोजायचं?

वजन किलोत घ्या. उंची मीटरमध्ये घेऊन तिला तिनेच गुणा. त्या आकड्याने वजनाला भागा. भारतीयांसाठी १८.५ ते २२.९ हे ठीक. २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा धरतात.

शिवणाच्या टेपने पोटाचा घेर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावा, श्वास सहज सोडून. बाईचा घेर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचांच्या आत हवा.

आणि रक्तातलं हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते १२ च्या खाली नको. गरोदरपणी ११ च्या खाली नको. हे टेपलाही कळत नाही, आरशालाही नाही.

आता परतूरच्या लेकीकडे वळू. तिची उंची १५५ सेंटिमीटर, वजन तेव्हा ५४ किलो. करा हिशेब: साडेबावीस! म्हणजे पोरगी जाड नव्हतीच मुळी. दोन महिन्यांत ती ४९ किलोंवर आली. आल्यागेल्याने तोंडभरून कौतुक केलं, “किती स्लिम झालीस!” एक दिवस जिना चढताना तिला घेरी आली. रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन नऊ. डॉक्टर म्हणाले, रक्त आधीपासूनच कमी असणार, उपासाने भर पडली. गोळ्या सुरू झाल्या, आणि रात्रीची भाकरी-पालेभाजीही.

मैत्रिणीने मला फोन केला तेव्हा रडत होती. “एका शब्दानं गं…” एवढंच म्हणाली.

परतूर पूर्वी परभणी जिल्ह्यात होतं. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला आणि ते तिकडे गेलं. कागदावरचा शब्द बदलला, गाव तेच राहिलं. लेकीचं अंगही तसंच आहे. कागदावर काहीही लिहा, ते बदलत नाही. बदलतं ते तिचं मन.

तेव्हा अर्जात बांध्याचा रकाना आला, तर उंची आणि वजन लिहा आणि पुढे जा. पाहुण्यांसमोर, जावांसमोर, शेजारणीसमोर लेकीचं अंग वर्णायचा मोह झाला, तर तेवढ्यापुरती जीभ आवरा. आणि कधी तिचं वजन अचानक उतरलेलं दिसलं, तर “छान दिसतेस” म्हणण्याआधी एक प्रश्न विचारा: “जेवलीस का गं?”