पहिलीच्या वर्गातील इंग्रजी कविता : निवडीचा मागोवा

ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील शाळांमध्ये इंग्रजी कविता आली ती मुख्यतः पाठांतराचा विषय म्हणून. फेलिशिया हेमन्स यांची १८२६ सालची ‘कॅसाबियांका’ किंवा वर्ड्‌स्वर्थ यांची डॅफोडिल फुलांवरील कविता निवडताना, ती म्हणणाऱ्या मुलाच्या घरी इंग्रजीचा शब्दही कानावर पडत नाही, याचा विचार क्वचितच होत असे.

स्वातंत्र्योत्तर काळात रचनापद्धतीचा, म्हणजे वाक्यरचना व शब्द सोप्याकडून अवघडाकडे ठरावीक क्रमाने शिकवण्याच्या पद्धतीचा, जम बसला आणि पारडे दुसऱ्या टोकाला झुकले. मायकेल वेस्ट यांच्या १९५३ मधील सुमारे २,००० शब्दांच्या यादीसारख्या साधनांमुळे ओळखीचे शब्द असलेली कविता सोपी, असा हिशेब रूढ झाला; नेमून दिलेले शब्द यमकात बसवून रचलेली पद्ये त्यातूनच निपजली, जी व्याकरणदृष्ट्या निर्दोष असली तरी म्हणावीशी वाटणारी नव्हती.

हा निकष तोकडा होता. जेन टेलर यांच्या १८०६ मधील ‘द स्टार’मध्ये रोजच्या बोलण्यात सहसा न येणारे शब्द आहेत, तरीही ओळी आखूड, यमके लागोपाठ आणि ठेका पहिल्याच अक्षरापासून पक्का असल्यामुळे ती इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्याही तोंडी बसते. क्रिस्टिना रोझेटी यांच्या ‘सिंग-साँग’ (१८७२) या संग्रहातील वाऱ्यावरची कविता तर शिक्षकासाठी आयतीच आहे : दोन छोटी कडवी, दोन्हींच्या आरंभी एकच प्रश्न आणि उत्तरात किंचित बदल, त्यामुळे अर्ध्या वर्गाने विचारावे व अर्ध्याने उत्तर द्यावे, एवढ्यात प्रश्नरचना कानात मुरते.

१९७८ मध्ये कॅरोलिन ग्रॅहम यांच्या ‘जॅझ चांट्स’ने, म्हणजे बोलण्यातील आघातांवर बेतलेल्या तालबद्ध संवादांनी, लयीचा मुद्दा ठळक केला. इंग्रजीत आघात असलेली अक्षरे ठसतात आणि मधली दबून जातात, तर मराठी मूल प्रत्येक अक्षर जवळजवळ सारख्याच जोराने उच्चारते. हा फरक नियम सांगून उमगत नाही, ठेक्यावर टाळ्या वाजवून उमगतो.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, तेव्हा या साऱ्याला तातडीचे महत्त्व आले, कारण पूर्वी पाचवीत इंग्रजीला भिडणाऱ्या मुलाला निदान मराठी वाचता तरी येत असे. आता छापील ओळीपेक्षा कृतिगीताला, म्हणजे हावभाव करत म्हणायच्या गीताला, अग्रक्रम मिळणे स्वाभाविक होते. बडबडगीते शिकवण्यात मुरलेल्या शिक्षकांना ते नवखेही नव्हते. अडचण राहिली ती ध्वनिमुद्रित गीतांची, कारण त्यांचा वेग बहुधा इंग्रजी घरात वाढलेल्या मुलांना साजेसा असतो, आणि तिथे शिक्षकाने स्वतः सावकाश म्हटलेली चार ओळींची कविताच अधिक उपयोगी पडते, मग त्याचे उच्चार अगदी इंग्लंडी थाटाचे नसले तरी चालते.