सुट्टी एका दिवसाची, उशीर दोन दिवसांचा

पत्र कधी पोहोचेल याचा अंदाज बांधताना आपण अंतर पाहतो, सुट्ट्या पाहत नाही. गुरुवारी संध्याकाळची डाक निघून गेल्यावर पोस्टात दिलेले पत्र एरवी शुक्रवारी निघून शनिवारी पोहोचले असते. शुक्रवारी सुट्टी आली की ते शनिवारी निघते, रविवारी बटवडा नसतो आणि पत्र सोमवारी हाती पडते. शिवाय साचलेले टपाल सोमवारी त्याच पोस्टमनच्या पिशवीत येते.

यात भर पडते ती वेगवेगळ्या याद्यांची. टपाल खाते केंद्राचे, त्यामुळे त्याच्या सुट्ट्या राज्याच्या यादीप्रमाणे नसतात. केंद्राच्या १४ सुट्ट्या देशभर सक्तीच्या. दिल्लीबाहेर आणखी ३ सुट्ट्या त्या त्या राज्यातील केंद्रीय कर्मचाऱ्यांची समन्वय समिती निवडते. म्हणूनच १९ फेब्रुवारीला किंवा १ मे रोजी महाराष्ट्रातल्या बँका बंद असल्या, तरी पोस्ट सहसा उघडे असते. उलट, कोल्हापूरहून कोचीला पत्र पाठवणाऱ्याला ओणमच्या सुट्टीची कल्पनाच नसते. अशा वेळी उशीर पाठवणाऱ्याच्या नव्हे, घेणाऱ्याच्या गावी होतो.

यावर कोणी म्हणेल, कुरिअर सणासुदीलाही घरी येते, मग पोस्टाला सुट्टी कशाला? पण पोस्टाला नफ्याच्या शहरी वस्त्यांपुरते थांबता येत नाही, आडगावची शाखाही चालवावी लागते. तिथे बटवडा करणाऱ्या एकट्या डाक सेवकाला बदली माणूस सहज मिळत नाही. गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी जी हक्काची विश्रांती मागितली, ती टपाल कर्मचाऱ्यांनाही मिळायला हवी. दुसरा आक्षेप मुदतीचा: सुट्टीमुळे अर्जाची मुदत हुकते. जनरल क्लॉजेस अॅक्ट, १८९७ च्या कलम १० नुसार, कायद्याने ठरलेल्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी न्यायालय किंवा कार्यालय बंद असेल, तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी केलेली कृती वेळेत धरली जाते. हा दिलासा मोलाचा आहे. मात्र वाटेतल्या सुट्टीत अडकलेल्या अर्जाला त्याचा उपयोग नाही.

म्हणून सुट्ट्या कापू नयेत, त्या हिशेबात धराव्यात. अर्ज टपालाने मागवणाऱ्या संस्थांनी शेवटची तारीख जोडसुट्टीला खेटून ठेवू नये. पोस्टाने पत्र घेतानाच, पोहोचण्याच्या गावची सुट्टी धरून अपेक्षित तारीख सांगावी. ही माहिती खात्याकडे आधीपासून असते. ती वेळीच सांगितली, तर सुट्टीचा भुर्दंड अर्जदाराला सोसावा लागणार नाही.