कन्हानचा रस्ता आणि गाडीची समोरची काच

नव्या गाडीच्या बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले जाते, घरातील ज्येष्ठ मंडळी मागच्या आसनावर बसतात आणि सोळावे तीर्थंकर भगवान शांतिनाथ यांच्या दर्शनासाठी गाडी रामटेककडे निघते. कन्हान मागे पडते न पडते तोच पुढच्या टिप्परच्या चाकाखालून एक खडा सुटतो. ‘टक्’ असा एकच आवाज होतो. मंदिराच्या आवारात गाडी थांबल्यावर पाहावे तर समोरच्या काचेवर तुरीच्या डाळीएवढा टवका उडालेला असतो. महिना-दीड महिन्यात दुसरा टवका पडतो, पावसाळा संपेपर्यंत तिसरा. शोरूममध्ये विचारणा केली तर दगडाचा मार वॉरंटीत बसत नाही, एवढेच उत्तर मिळते. मग घरात चर्चा सुरू होते, की हल्लीच्या गाड्यांना काचच हलकी बसवतात.

वजन वाचविण्यासाठी काचा पूर्वीपेक्षा पातळ होत गेल्या आहेत आणि त्यांचा विस्तार वाढला आहे, हे खरे. पण एकाच गाडीला वारंवार टवके पडत असतील, तर दोष काचेत शोधण्याआधी रस्त्याकडे आणि त्या रस्त्यावर गाडी कशी चालते याकडे पाहणे अधिक शहाणपणाचे ठरते.

कन्हान हे मुळात जड मालाच्या वाहतुकीचे गाव आहे. नागपूरहून कामठी, कन्हान, मनसर असा जबलपूरकडे जाणारा हा मार्ग पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ म्हणून ओळखला जाई. नव्या क्रमवारीत श्रीनगर ते कन्याकुमारी हा सलग मार्ग ४४ क्रमांकाचा झाला. गावाच्या आसपास वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या इंदर, गोंडेगाव यांसारख्या कोळशाच्या खुल्या खाणी आहेत. पुढे मनसरला मँगनीज आहे. कन्हान आणि पेंच नद्यांच्या पात्रांतली रेती, क्रशरवरची गिट्टी आणि चुरी, खापरखेडा व कोराडीच्या वीजकेंद्रांतून निघणारी राखड, हा सारा माल याच पट्ट्यातून फिरतो. रेतीत नदीचे गोटे मिसळलेले असतात. फाळक्याच्या फटीतून ते रस्त्यावर सांडतात आणि पुढच्या प्रत्येक चाकाबरोबर उडत राहतात. खाणीच्या वा घाटाच्या कच्च्या रस्त्यावरून बाहेर पडलेल्या ट्रकच्या मागच्या जोडचाकांत तर खडा अडकूनच येतो. ट्रक डांबरी रस्त्यावर येऊन वेग घेतो आणि तो खडा सुटतो.

चाकाने उडवलेला खडा काही बंदुकीच्या गोळीसारखा गाडीवर चालून येत नाही. बहुतेक वेळा तो रस्त्यावरून थोडा वर उसळतो, क्षणभर हवेत असतो, आणि मागून येणारी गाडीच त्याच्यावर जाऊन आदळते. आघाताचा जोर त्यामुळे प्रामुख्याने गाडीच्याच वेगातून येतो, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटरऐवजी ८० ने जाणाऱ्या गाडीला तोच खडा जवळजवळ पावणेदोन पट जोराने लागतो. ताशी ८० च्या वेगात गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे सरकते. टिप्परच्या मागे तीन-चार सेकंदांचे अंतर ठेवायचे म्हणजे ७० ते ९० मीटर मोकळे सोडावे लागतात. या अंतरात बहुतेक खडे पुन्हा जमिनीवर आलेले असतात. प्रत्यक्षात मात्र ओव्हरटेक करण्याच्या घाईत गाडी टिप्परच्या मागच्या फाळक्याला जवळजवळ चिकटून चालते, आणि बराच मार नेमक्या त्याच वेळी बसतो. संधी मिळेल तेव्हा एका दमात पुढे निघून जावे, नाहीतर मागे राहावे. मधल्या जागेत रेंगाळू नये.

काच फुटूनही कोसळत नाही, यामागे एक रंजक इतिहास आहे. १९०३ साली फ्रान्समधील कलावंत आणि रसायनाचे अभ्यासक एदुआर बेनेदिक्तुस यांच्या हातून काचेचे एक भांडे खाली पडले. ते तडकले, पण त्याचे तुकडे विखुरले नाहीत. भांड्यात पूर्वी ठेवलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या द्रावणाचा पातळ पापुद्रा आत सुकून राहिला होता आणि त्याने तुकडे धरून ठेवले होते. त्यातून १९०९ मध्ये दुपदरी काचेचे पेटंट आले. आजच्या समोरच्या काचेत साधारण दोन-दोन मिलिमीटरचे दोन थर असतात आणि त्यांच्या मध्ये मिलिमीटरभराहूनही पातळ असा चिवट, पारदर्शक प्लास्टिकचा पदर असतो. भारतातही केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये मोटारीला समोरची काच अशा दुपदरी प्रकारचीच असावी लागते. खडा लागतो तेव्हा सहसा बाहेरचा थर तेवढा दुखावतो. मधला पदर आणि आतला थर शाबूत असतो. दुरुस्ती शक्य होते ती यामुळेच.

ही दुरुस्ती वेळेत व्हावी लागते, आणि बहुतेक घरांत चूक होते ती इथे. दुकानातून सवड मिळत नाही, टवका लहान दिसतो, गाडी तर व्यवस्थित चालते. मग ‘दिवाळीनंतर पाहू’ असे म्हटले जाते. दरम्यान त्या बारीक पोकळीत धूळ, राखड आणि गाडी धुतानाचे साबणाचे पाणी शिरते. नंतर भरलेले रसायन नीट चिकटत नाही आणि डाग कायम राहतो. उन्हाळा तर त्याहून निष्ठुर असतो. मे महिन्यात नागपूर भागात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. दुकानासमोर दुपारभर उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीची काच हात लावू नये इतकी तापते. मालक आत बसून थंड हवेचा पूर्ण झोत थेट काचेवर सोडतो. बाहेरचा थर प्रसरण पावलेला असतो आणि आतला आकसू लागतो. त्या ताणाला वाट सापडते ती टवक्याच्या टोकाशी, आणि डाळीएवढ्या खुणेतून हातभर तडा सरकतो. तापलेल्या काचेवर थंड पाण्याची बादली ओतली, गाडी खड्ड्यात जोराने आदळली किंवा काचा बंद असताना दार धाडकन लावले, तरी हाच परिणाम होऊ शकतो.

टवका पडल्यावर त्याच दिवशी करायचे काम अगदी साधे आहे. कोरड्या, स्वच्छ कापडाने जागा हलकेच पुसावी आणि तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी, म्हणजे धूळ व पाणी आत जाणार नाही. नेलपॉलिश, टूथपेस्ट, घरातला झटपट चिकटणारा गोंद हे उपाय कितीही सांगितले जात असले तरी वापरू नयेत. पोकळी एकदा त्यांनी भरली की कारागिराच्या हाती काही उरत नाही. वातानुकूलन सौम्य ठेवावे, गाडी सावलीत लावावी आणि चार-आठ दिवसांच्या आत काचेचे काम करणाऱ्या जाणकाराकडे जावे. तो टवक्यातली हवा ओढून घेतो, दाबाने पातळ रेझिन भरतो आणि अतिनील किरणांनी ते घट्ट करतो. अर्ध्या-पाऊण तासाचे काम असते. फिकट खूण राहते, पण तडा पुढे सरकण्याची भीती बरीच कमी होते. एक रुपयाच्या नाण्याखाली झाकला जाईल एवढा टवका साधारणपणे दुरुस्त होतो. काचेच्या कडेला लागून असलेला, आतल्या थरापर्यंत पोचलेला किंवा चालकाच्या अगदी नजरेसमोरचा मार मात्र दुरुस्तीच्या भरवशावर सोडू नये. रात्री समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे त्या खुणेवर फुटतात आणि क्षणभर रस्ताच दिसत नाही.

विम्याचा हिशेब व्यापारी घरांनी तरी कागद-पेन्सिल घेऊन करावा. ‘विमा आहेच, काच बदलून घेऊ’ असे सहज म्हटले जाते. काचेवर घसारा धरला जात नाही, हे ग्राहकाच्या सोयीचे आहे. खासगी मोटारीच्या दाव्यात १५०० सीसीपर्यंत १००० रुपये आणि त्यापुढे २००० रुपये मालकाला सोसावे लागतात, तेही फार नाही. खरी किंमत नो क्लेम बोनसमध्ये दडलेली असते. दावा न केल्यास ही सवलत क्रमाने २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशी चढते. एक दावा केला की ती शून्यावर येते. समजा, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता १६,००० रुपये आहे आणि सोयीसाठी तो तेवढाच राहतो असे धरले. पन्नास टक्क्यांवर असलेल्या मालकाने काचेसाठी दावा केला, तर पहिल्या वर्षी ८,०००, पुढे ४,८००, ४,०००, २,४०० आणि ८०० अशी एकूण २०,००० रुपयांची सवलत हातून जाते. गाडीची किंमत उतरते तसा हप्ताही उतरतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा काहीसा कमी भरेल. पण अनेक लहान गाड्यांची काच याहून स्वस्तात बदलून मिळते.

नव्या गाडीला अजून कुठला बोनस, असे येथे वाटू शकते. पण हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. जुनी गाडी विकून नवी घेताना तो नव्या पॉलिसीवर आणता येतो, आणि बरीच जाणती मंडळी तो आणतात. तसा तो आणला नसेल, तर पहिल्या वर्षातल्या दाव्याचा फटका वरच्याच हिशेबाने ८,००० रुपयांच्या आसपास राहतो. बोनस संरक्षणाचे जोडकलम घेतलेले आहे काय, केवळ काचेच्या दुरुस्तीचा दावा बोनसला बाधक ठरतो काय, हे आपापल्या पॉलिसीत आधीच वाचून ठेवावे. टवका पडल्यावर ते वाचायला धीर राहत नाही.

काच बदलावीच लागली, तर ती सर्वांत स्वस्त दुकानात नेऊन उरकू नये. काच गाडीच्या सांगाड्याचा भाग असते. गाडी उलटली तर ती छताला आधार देते, आणि अनेक गाड्यांत शेजारच्या आसनासमोरची हवापिशवी फुगताना काचेचाच टेकू घेते. काचेवर आयएसआय चिन्ह कोरलेले आहे याची खात्री करावी. ती चिकटवणारे पॉलियुरेथेन पुरेसे सुकेपर्यंत गाडी हलवू नये. कारागिराने सांगितलेला वेळ गिऱ्हाईक खोळंबले म्हणून कापू नये. ज्या गाड्यांत आरशामागे कॅमेरा असतो आणि तो मार्गिकेची वा टक्करीची सूचना देतो, त्यांत काच बदलल्यावर कॅमेऱ्याची जुळणी पुन्हा करून घ्यावी लागते. कॅमेऱ्याचा कोन किंचित बिघडला तरी गाडीला पुढचे वाहन चुकीच्या जागी ‘दिसते’.

हा सारा विचार झाला तो मोटारीत बसणाऱ्याचा. पण ज्या घरात नव्या गाडीच्या काचेचे दुःख होते, त्याच घराच्या नावावर पुष्कळदा दोन-चार ट्रकही असतात, किंवा कोळसा, गिट्टी, रेती, धान्य यांची भरती त्याच घराच्या फोनवरून ठरते. तेथे मात्र एक फेरी वाचावी म्हणून फाळक्याच्या वर शीग चढवली जाते आणि ताडपत्री गुंडाळून केबिनवर पडून राहते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २०,००० रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये असा दंड आहे, आणि तो केवळ चालकापुरता नाही. तसे वाहन चालवायला लावणाराही त्या कलमाच्या कक्षेत येतो. शिवाय या रस्त्यावर काचेआड नसलेली माणसेही असतात. सायकलवर शाळेत जाणारी मुले असतात, दुचाकीवरची कुटुंबे असतात, आणि रामटेकच्या दिशेने विहार करणारे साधू-साध्वी पहाटेच्या अंधुक उजेडात रस्त्याच्या कडेने अनवाणी चालत असतात. सुटलेला खडा त्यांच्या अंगाला लागतो आणि सांडलेली गिट्टी त्यांच्या तळपायाला.

भरतीच्या जागेवर यासाठी फारसे काही लागत नाही. फाळक्याच्या कडेपेक्षा वीतभर खाली माल, घट्ट बांधलेली ताडपत्री, फाळक्याच्या फटीत गोणपाटाची पट्टी, मागच्या चाकांना शाबूत रबरी पडदे, आणि फाटकातून बाहेर पडण्याआधी जोडचाकांत अडकलेला दगड पहारीने काढण्यासाठी चालकाला दिलेली पाच मिनिटे.