तेजाबातली उतरंड

रायपूरच्या सदर बाजारात दागिन्यांची दुकानं रस्त्यावर झगमगतात, आमची भट्टी मागच्या बोळात. आम्ही विट्याकडचे गलाईवाले. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभरच्या सराफ बाजारांत पांगली, त्यातलाच मी एक. शाळेत धातूंची क्रियाशीलता श्रेणी पाठ केली होती. आता तिच्यावरच घर चालतं.

जुनी बांगडी बावीस कॅरेटची असेल, तर हजारात ९१६ भाग सोनं, बाकी बहुतेक तांबं-चांदी. ती तशीच तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात टाकली तर सोनं आम्लाला आत शिरू देत नाही. म्हणून सोनं शुद्ध करायला आम्ही आधी त्यात भेसळ वाढवतो! सोन्याच्या साधारण तिप्पट चांदी घालून मुशीत वितळवायचं, पातळ करून तेजाबात तापवायचं. तांबूस-तपकिरी विषारी धूर उठतो (हे घरी अजिबात करू नका), तांबं-चांदी विरघळते, आणि तळाशी मातकट भुकटी उरते. तेच सोनं. धुऊन वितळवलं की पिवळी लगड.

पण माझा जीव उरलेल्या पाण्यात अडकलेला असतो, कारण त्यात आमची चांदी असते. त्यात तांब्याची पट्टी सोडायची. पट्टीवर राखाडी लव चढते, पाणी निळं होत जातं. तांबं चांदीपेक्षा क्रियाशील. ते विरघळतं आणि चांदीला बाहेर काढतं. ६३.५ ग्रॅम तांबं गेलं की सुमारे २१६ ग्रॅम चांदी हाती येते, असा फायद्याचा सौदा बाजारात दुसरा नाही. मग त्या निळ्या पाण्यात भंगारातलं लोखंड टाकलं की तांबंही परत मिळतं.

हा शेवटचा टप्पा मुलांना दाखवता येतो. शेतीच्या दुकानातलं मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, काचेच्या बरणीत पाण्यात विरघळवा आणि घासलेला लोखंडी खिळा बुडवा. बघता बघता तो लाल होतो. चांदीचा तुकडा बुडवून कितीही वाट पाहा, काही घडत नाही. ते पाणी तोंडात जाऊ देऊ नका, बरणी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

ॲल्युमिनियम मात्र फसवतं. लोखंडापेक्षा पुष्कळ क्रियाशील, तरी स्वयंपाकघरातली फॉइल मोरचुदात निवांत पडून राहते, कारण अंगावर ऑक्साइडचा पापुद्रा असतो. चिमूटभर मीठ टाका, पापुद्रा फाटतो, बरणी गरम होते आणि फॉइलच्या चिंध्या होतात.

आमच्या छत्तीसगडात या श्रेणीचा हिशेब कारखान्यांतही दिसतो. भिलाईत १९५९पासून झोतभट्टीतला कोक खनिजातला ऑक्सिजन काढून घेतो आणि लोखंड मिळतं. ॲल्युमिनियम आपला ऑक्सिजन तशा भट्टीत सोडत नाही. त्याला वितळलेल्या क्षारात विजेनेच वेगळं करावं लागतं, एका किलोला तेरा-चौदा युनिटं. त्याचा कारखाना कोळसा आणि वीजघरांच्या कोरब्यात आहे, तो उगाच नाही.