विश्लेषण : ‘माझ्यामागे झाडे तोडू नका’ असे मृत्युपत्रात लिहिले, तर वारसांवर ते बंधनकारक असते का?

कल्याण आणि उल्हासनगर या दोन स्थानकांच्या मधले विठ्ठलवाडी. बैठ्या घरांच्या जागी इमारती उभ्या राहताना इथल्या परसातला आंबा, फणस, विहीर आणि मोकळी जमीन जाते. हे बहुतेकदा एक पिढी संपून वाटण्या सुरू झाल्या की घडते. वालधुनी नदीकाठच्या या पट्ट्याने २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेला आहे. पाणी मुरायला मोकळी जमीन का लागते, हे इथे वेगळे सांगावे लागत नाही. म्हणूनच घरामागची झाडे आणि विहीर राखण्याची अट मृत्युपत्रात घालावी, असे एखाद्या ज्येष्ठाला वाटणे स्वाभाविक आहे. पण कायदा त्या अटीला किती किंमत देतो?

नुसती इच्छा लिहून भागते का?

सहसा नाही. समजा, पाच गुंठे जागा मुलगा आणि मुलीला पूर्ण मालकीने दिली आणि खाली ‘झाडे तोडू नयेत, जागा विकू नये’ असे लिहिले. पूर्ण मालकी दिल्यावर मालकाचे हात बांधणारी अट कायद्यापुढे टिकत नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम १३८ नुसार एखाद्याला निधी पूर्णपणे देऊन तो अमुक प्रकारेच वापरावा असे लिहिले, तरी ती सूचना नसल्याप्रमाणेच त्याला निधी मिळतो. जिवंतपणी बक्षीसपत्राने जागा दिली, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ ची कलमे १० आणि ११ हेच तत्त्व लावतात. थोडक्यात, अशी ओळ ही वारसांना केलेली विनंती ठरते. त्यांनी मान दिला तर झाड राहते, नाही तर नाही.

याला अपवाद आहे का?

एक आहे आणि तो वाटणीत कामी येतो. एका तुकड्यावरची अट शेजारच्या दुसऱ्या तुकड्याच्या उपभोगासाठी घातली असेल, तर कलम ११ तिला आडकाठी करत नाही. विहीर भावाच्या हिश्श्यात गेली, पण बहिणीच्या घराला तिचे पाणी मिळत राहावे, ही अट टिकू शकते. ती वाटणीपत्रात नकाशासह लिहून नोंदवलेली बरी.

जुन्या झाडांना वेगळे संरक्षणही आहे. शहरी भागात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा अधिक वयाच्या झाडांना ‘हेरिटेज वृक्ष’ मानले आहे. त्यामुळे परसातल्या झाडांची जात, अंदाजे वय आणि फोटो यांची यादी मृत्युपत्रासोबत ठेवणे उपयोगी पडते.

कौटुंबिक ट्रस्ट केल्यास काय फरक पडतो?

ट्रस्टमध्ये मालकी विश्वस्ताच्या नावे होते आणि लाभ कुटुंबाला मिळतो. भारतीय न्यास अधिनियम, १८८२ नुसार ट्रस्ट करताना दिलेल्या सूचना पाळणे विश्वस्तावर बंधनकारक असते. त्यामुळे इथे अटीला बळ येते. पैशांचेही तसेच. अमुक उद्योगात पैसे गुंतवू नयेत, दरवर्षी इतकी रक्कम झाडांच्या आणि विहिरीच्या देखभालीवर खर्च करावी, हे ट्रस्टच्या दस्तातच लिहावे लागते.

मात्र दोन मर्यादा आहेत. सर्व लाभार्थी सज्ञान असतील आणि त्यांचे एकमत झाले, तर ते सूचना बदलू शकतात किंवा मालमत्ता आपल्याकडे मागू शकतात. दुसरे म्हणजे, कुटुंबासाठी मालमत्ता अनंत काळ अडकवून ठेवता येत नाही. हयात व्यक्तींचे आयुष्य आणि त्यानंतरच्या वारसाचे अज्ञानपण, इथपर्यंतच कायदा मुभा देतो. म्हणजे खासगी ट्रस्ट एखाद-दुसरी पिढी सांभाळतो.

कायमची तरतूद कशाने होते?

लोकहितासाठी दिलेल्या मालमत्तेला ही कालमर्यादा लागू नाही. प्राप्तिकर कायद्यानेही २००९ पासून पाणलोट क्षेत्र, वने आणि वन्यजीवांसह पर्यावरणाचे जतन हा धर्मादाय उद्देश मानला आहे. महाराष्ट्रात असा सार्वजनिक ट्रस्ट धर्मादाय आयुक्तालयात नोंदवावा लागतो. त्याची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय विकता येत नाही. देवाच्या नावाने राखलेल्या देवराया आपल्याकडे पिढ्यानपिढ्या टिकल्या, त्यामागेही हाच विचार होता. जमीन कुणा एकाची राहिली नाही, म्हणून कुणा एकाला ती मोडता आली नाही. पण त्याची किंमतही मोजावी लागते. सार्वजनिक ट्रस्टला दिलेली जागा कुटुंबाकडे परत येत नाही.

विक्रोळीचे उदाहरण काय सांगते?

ठाणे खाडीकाठची विक्रोळीची कांदळवने हे मुंबई महानगरातले मोठे उदाहरण. पिरोजशा गोदरेज यांनी १९४० च्या दशकात इथे जमीन घेतली. पुढे कांदळवनाच्या अभ्यासासाठी आणि जतनासाठी १९८५ मध्ये कुटुंबाच्या आई सूनाबाईंच्या नावे सागरी परिसंस्था केंद्र सुरू झाले. प्रवर्तकांच्या हिश्श्यापैकी सुमारे २३ टक्के भाग पर्यावरण, आरोग्य आणि शिक्षणावर खर्च करणाऱ्या ट्रस्टकडे असल्याचे समूह सांगतो. एप्रिल २०२४ मध्ये कुटुंबाच्या व्यवसायाची वाटणी झाली, तेव्हा विक्रोळीची जमीन जमशेद गोदरेज यांच्या शाखेकडे राहिली. सीआरझेड नियमांचे आणि न्यायालयीन आदेशांचे कवचही कांदळवनांना आहे. जमीन, ती सांभाळणारी संस्था, खर्चाची सोय आणि कायदा या चारही गोष्टी इथे एकत्र आल्या.

खासगी मालकीची मर्यादाही याच विक्रोळीत दिसली. बुलेट ट्रेनसाठी इथल्या काही जमिनीच्या संपादनाला दिलेले आव्हान मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये फेटाळले. सार्वजनिक कामासाठीचे भूसंपादन कुठलाही कौटुंबिक दस्त रोखू शकत नाही.

गावची शेतजमीन असेल तर?

मुरबाड-शहापूरकडे शेती असलेल्यांनी विशेष काळजी घ्यावी. कूळ कायद्याच्या कलम ६३ नुसार परवानगीशिवाय बिगर शेतकऱ्याकडे शेतजमीन हस्तांतरित करता येत नाही. मृत्युपत्राने दिलेली जमीनही या बंधनात येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरातच्या प्रकरणात म्हटले. तिथला कायदाही मूळ १९४८ चा मुंबई कूळ कायदाच आहे. त्यामुळे मृत्युपत्राने ट्रस्टला शेत देण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा प्रश्न सोडवून घ्यावा.

आधी काय तपासावे?

पहिले, मालकी. वडिलोपार्जित एकत्रित मालमत्तेत फक्त स्वतःच्या हिश्श्याचेच मृत्युपत्र करता येते आणि मुलींचा हिस्सा मुलांइतकाच असतो. फ्लॅट असेल, तर आवारातल्या झाडांचा निर्णय सोसायटीच्या सभेत होतो. तिथे पुनर्विकास करारातच झाडे आणि विहिरीचे कलम घालून घ्यावे. दुसरे, खर्च. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही आणि नोंदणीही ऐच्छिक आहे, दोन साक्षीदार मात्र हवेतच. हयातीत जागा ट्रस्टला दिल्यास मुद्रांक शुल्क आणि नोंदणी दोन्ही आले. तिसरे, देखभाल. ट्रस्टला जागा दिली, पण विहीर उपसायला आणि मालमत्ता कर भरायला पैसे ठेवले नाहीत, तर विश्वस्त दोन-चार वर्षांत जागा विकायचीच परवानगी मागतील. जागेसोबत ठेव आणि सांभाळायला तयार असलेली माणसे दिली, तरच झाड पुढच्या पिढीला सावली देईल.