कडू पेल्याची ओळख

सरकारी दप्तरात आता अहिल्यानगर म्हणून नोंदल्या गेलेल्या आमच्या नगर जिल्ह्यात ‘स्ट्राँग’ या शब्दाचा अर्थ कोणास समजावून सांगावा लागत नाही. हमरस्त्यावरच्या कोणत्याही परमिट रूममध्ये तो उच्चारला, की गार बाटली पुढे येते, आणि गिऱ्हाईक ती चवीसाठी नव्हे, तर लवकर चढावी एवढ्याच हिशेबाने रिचवते. मद्यनिर्मितीचे मोठमोठे कारखाने शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात आहेत आणि तेथील औद्योगिक वसाहतींना पाणी मिळते ते जायकवाडीचे. त्या जलाशयासाठी दुष्काळात आमच्या मुळा-भंडारदऱ्याचे दरवाजे उघडले गेले म्हणजे राहुरी-श्रीरामपूरकडचा ऊसवाला या कारखान्यांविषयी जे बोलतो, ते येथे लिहिण्याजोगे नाही. पण ‘स्ट्राँग’च म्हणावी अशी, मात्र अगदी निराळ्या प्रकृतीची एक बिअर पुण्यामुंबईच्या छोट्या भट्ट्यांतून निघते. आमच्याकडचा माणूस पहिल्याच कडवट घोटाला तोंड वाकडे करून ती बाजूस सारतो आणि पैसे बुडाल्याची खंत करीत नगरची गाडी पकडतो. त्याच्यासाठी हा लेखनप्रपंच.

हा कडवटपणा हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांचा. वेल भांगेच्या कुळातली, थंड मुलखात वाढणारी. आपल्या देशात हिमाचलातील लाहौल खोऱ्यात तिची लागवड झाली आहे. फुलाच्या पाकळ्या उकलून पाहिल्या तर बुडाशी हळदीसारखी पिवळी, चिकट भुकटी दिसते, आणि सारी करामत त्या भुकटीची असते. नाचणीचे सत्त्व करताना घरोघर जो खटाटोप होतो, म्हणजे भिजवणे, मोड आणणे, वाळवणे, तोच प्रथम सातूवर करून मग त्याचे गोड पाणी काढतात. त्या पाण्याचा तासभर काढा करताना हॉप्स घातले, की भुकटीतली राळेसारखी आम्ले उष्णतेने रूप पालटतात, पाण्यात उतरतात आणि कडू होतात. परंतु त्याच उकळीत सुगंधी तेले वाफेबरोबर निघून जातात. म्हणून सुगंध हवा असेल तर आणखी हॉप्स उकळी संपता संपता, आणि काही तर बिअर आंबून थंड झाल्यावर घालतात. फोडणीतला कढीपत्ता आणि वरून पेरलेली कोथिंबीर यांत जो भेद, तोच येथे.

या जातीच्या बिअरला ‘इंडिया पेल एल’ म्हणतात, आणि त्या नावातला ‘इंडिया’ आपलाच. १२ ऑगस्ट १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला, त्या सुमारास लंडननजीक बो येथील हॉजसनची फिकट, कडू बिअर जहाजांनी केपला वळसा घालून हिंदुस्थानातील साहेबांसाठी येत असे. ती खास या प्रवासाकरिताच शोधून काढली, ही लोकप्रिय कथा मला पटत नाही. हॉप्स बिअरला टिकवतात हे इंग्लंडात आधीपासून ठाऊक होते, आणि गोऱ्या शिपायांची काळी ‘पोर्टर’ बिअरही तोच सागर ओलांडून सुखरूप पोचत होती. पुढे १९९४ साली कॅलिफोर्नियात विनी सिलुर्झो याने हॉप्स दुप्पट करून अधिक मद्यार्काची बिअर केली, आणि तेथून ‘डबल’ नावाचा प्रकार रुजला. आपल्याकडे पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ ही छोटी भट्टी निघाली. तिचे नाव मात्र नाशिकजवळच्या देवळालीचे, जिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहता पाहता गोऱ्या सोजिरांची डोकी फिरत, अशी ‘वेडसर’ या अर्थाच्या त्या इंग्रजी शब्दाची ख्याती आहे.

मागल्या आषाढात पुण्यातल्या एका भट्टीत अशा ‘डबल’चा एक पेला माझ्यासमोर आला. मध्यम आकाराचा, तोंडाशी किंचित आवळलेला ग्लास, रंग जुन्या तांब्याचा, वर दोन बोटे फेस. मी तो पाच-दहा मिनिटे तसाच ठेवला, कारण फार गार असता जीभ बधिर होते आणि वास दबून राहतो. मग नाक जवळ नेले, तर सोललेल्या मोसंबीच्या सालीतून जो अदृश्य फवारा उडतो त्याचा गंध, त्यामागे कैरीच्या चिकाचा, आणि सर्वांत खाली देवघरातल्या राळेचा. पहिला घोट जिभेवर गोड लागला. गिळल्यानंतर क्षणभराने मागच्या बाजूने कडवटपणा वर आला आणि बराच वेळ बसून राहिला, आणि त्याच्याही पाठीमागून छातीत मद्यार्काची ऊब उतरली. हा रस आयुर्वेदातला ‘तिक्त’. तेथला ‘कटु’ तो मिरी-मिरचीचा, आणि आपण मराठीत तोच शब्द कडूसाठी वळवून घेतला. गूळ-चिंच घातलेल्या कारल्याच्या भाजीत गूळ कमी पडला तर पान टाकावे लागते; तसेच येथे सातूचा गोडवा तोकडा पडला, की नुसता काढा उरतो. पहिल्या घोटावर निकाल देऊ नये, तिसऱ्यावर द्यावा.

मात्र सोबतीला आमची शिपी आमटी घेऊ नये. कडू आणि मद्यार्क दोन्ही तिखटाची आग वाढवतात. खारे शेंगदाणे किंवा जून चीज पुरे. बाटली घेणे झाल्यास भरल्याची तारीख पाहावी, कारण हॉप्सचा सुगंध महिन्यागणिक विरतो, आणि दुकानाबाहेर उन्हात मांडलेली तर घेऊच नये. प्रकाशाने त्यात दुर्गंधी निपजते. एक पेला सावकाश, हीच याची मात्रा. आणि गाडी चालवायची असेल तर तोही नको.

राहिली अबकारीची बाब. आपल्या राज्यात मद्य प्यायचे तर १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो. तो एका दिवसाचा, एका वर्षाचा किंवा तहहयात मिळतो, आणि सरकार तो कागदोपत्री आरोग्याच्या रक्षणार्थ देते.