हेवर्डच्या फूटपाथवरचा भूगोल

कॅलिफोर्नियातल्या हेवर्ड शहरात रोज स्ट्रीट आणि प्रॉस्पेक्ट स्ट्रीट जिथे मिळतात, तिथल्या फूटपाथची काँक्रीटची कड वर्षानुवर्षं भूगर्भशास्त्रज्ञांच्या खास मर्जीतली होती. १९७०च्या दशकापासून लोक येऊन तिचे फोटो काढत. घातली तेव्हा ती सरळ होती. पुढे दर काही वर्षांच्या फोटोत तिचा अर्धा भाग उरलेल्या अर्ध्यापासून थोडा आणखी बाजूला गेलेला दिसे. शेवटी दोन्हींत जवळजवळ वीतभर फरक पडला. तिच्यावर कुठली गाडी आदळली नव्हती की खालून झाडाचं मूळ वर आलं नव्हतं. तिथून हेवर्ड फॉल्ट, म्हणजे शाळेच्या पुस्तकातला प्रस्तरभंग, जातो. त्याच्या पश्चिमेची जमीन पूर्वेच्या जमिनीच्या तुलनेत वर्षाला सुमारे ५ मिलिमीटर वायव्येला सरकते आहे. भूकंप नाही, आवाज नाही, फूटपाथवरून शाळेत जाणाऱ्या मुलांना काही कळतही नाही. २०१६ साली नगरपालिकेच्या माणसांनी वाकडी कड काढून कोपरा नीट केला, तेव्हा अभ्यासकांना हळहळ वाटली. नवं काँक्रीटही सरकणारच आहे, पण मोजणी पुन्हा शून्यापासून.

या कोपऱ्यापासून काही किलोमीटरवर शाबो कॉलेज आहे. ते कम्युनिटी कॉलेज आहे आणि तिथे भूगोल शिकवला जातो. जमीन सरकते त्या गावात, त्याच गावच्या लोकांना, कोणतीही प्रवेश परीक्षा न घेता भूगोल शिकवायचा, ही कल्पनाच मला विलक्षण वाटते.

कम्युनिटी कॉलेज हा अमेरिकेचा फार मोलाचा शोध आहे. १९०१ साली इलिनॉय राज्यात जोलिएट इथे अवघ्या सहा विद्यार्थ्यांवर त्याची सुरुवात झाली. हायस्कूलनंतरची दोन वर्षं आपल्याच गावात शिकायची आणि मग हवं तर मोठ्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जायचं, अशी ही सोय. कॅलिफोर्नियात १९१० साली फ्रेस्नोला पहिलं असं कॉलेज निघालं. आज त्या एका राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत आणि त्यांत सुमारे वीस लाख लोक शिकतात. हायस्कूल झालेल्या कुणालाही दार उघडं असतं. १९८४ पर्यंत राज्यातल्या रहिवाशांना शिक्षणशुल्क नव्हतंच. २०१२ पासून ते दर युनिटला ४६ डॉलर आहे, म्हणजे तीन युनिटचा भूगोलाचा एक विषय १३८ डॉलरमध्ये. संध्याकाळच्या वर्गात नुकतं हायस्कूल संपलेली पोरं असतात, सैन्यातून परतलेले असतात, दिवसभर ट्रक चालवून आलेले असतात, रात्रपाळीला निघालेल्या नर्स असतात. सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियातल्या कॉलेजांत पुण्या-नागपूरहून डिपेंडंट व्हिसावर गेलेल्या मराठी मुलीही दिसतात. त्या व्हिसावर नोकरीला अडचणी असतात, शिकायला नसतात.

हार्वर्डने १९४८ साली आपला भूगोल विभाग बंद केला. हा विषय विद्यापीठाच्या तोलाचा आहे का, अशी शंका तिथल्या वरच्या मंडळींना होती. विभाग पुन्हा उघडला नाही. म्हणजे जगातल्या सर्वात नामांकित विद्यापीठात जो विभाग नाही, तो विषय हेवर्डच्या ट्रक ड्रायव्हरला घरापासून दहा मिनिटांवर शिकता येतो. या बाबतीत हार्वर्डचं चुकलं, असं मी अगदी ठामपणे म्हणेन.

आपल्या मनातला भूगोल दहावीच्या चाळीस मार्कांपाशी थांबलेला असतो. नकाशा भरा, कारणे द्या, फरक सांगा. कम्युनिटी कॉलेजच्या पहिल्या सत्रातला भौतिक भूगोल विषयांच्या यादीत वेगळा दिसत नाही. पृथ्वीचा साडेतेवीस अंशांचा कल, वारे, पाऊस, नद्या, भूरूपं. फरक पडतो तो प्रयोगवर्गात. तिथे समोर येतो अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाचा स्थलनिर्देशक नकाशा. आपली टोपोशीट साधारण १:५०,००० प्रमाणाची असते, हा १:२४,००० चा. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे २४० मीटर. समोच्चरेषा तपकिरी, पाणी निळं, झाडी हिरवी. शाळा आणि चर्च ठिपक्याएवढ्या काळ्या चौकटींत.

या नकाशावर आधी जो तो आपलं घर शोधतो. मग समोच्चरेषा वाचायला शिकायचं. रेषा दाटीने आल्या की चढ तीव्र, विरळ झाल्या की सपाटी. ओढा ओलांडताना त्यांचा इंग्रजी व्हीसारखा कोन होतो आणि त्याचं टोक नेहमी उगमाकडे असतं. एवढं हातात आलं की नजर बदलते. हेवर्डच्या पूर्वेच्या टेकड्यांकडे पाहिलं तर काही ओढे सरळ उतरता उतरता अचानक उजवीकडे वळतात, थोडं अंतर डोंगराच्या पायथ्याने जातात आणि पुन्हा खाली वळतात. पाण्याला असं वळायचं कारण नसतं. वरचा ओढा जागेवर राहिला आणि खालचा अर्धा भाग जमिनीबरोबर सरकत गेला, म्हणून हे वळण. जमिनीवर उभं राहून दिसत नाही ते कागदावर पट्टी ठेवली की दिसतं, वळणांची सगळी टोकं एका रेषेत येतात. ती रेषा म्हणजे हेवर्ड फॉल्ट.

त्याच रेषेवर दक्षिणेला फ्रीमाँट शहर आहे. गणपतीला ढोल-ताशा ऐकू यावा इतकी मराठी घरं तिथे आहेत. बार्ट या लोकल रेल्वेच्या फ्रीमाँट स्टेशनला लागून टायसन लगून नावाचं एक तळं आहे. फॉल्टच्या दोन फांद्यांमधली जमीन खचते आणि तिथे पाणी साठतं, त्यातून झालेलं हे तळं. संशोधकांनी तिथे चर खणले. चिखलाचे थर एकावर एक बसलेले, आणि दर मोठ्या भूकंपात ते तुटलेले, दुमडलेले. थरांतल्या काडीकचऱ्याचं वय काढून त्यांनी गेल्या साधारण १९०० वर्षांतले बारा मोठे भूकंप ओळखले. सरासरी काढली तर दीडशे-एकशेसाठ वर्षांनी एक. शेवटचा झाला २१ ऑक्टोबर १८६८ रोजी. त्यात तीसेक माणसं गेली आणि सॅन लिअँड्रोचं न्यायालय कोसळलं. १९०६ चा सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप होईपर्यंत सॅन फ्रान्सिस्कोचा मोठा भूकंप म्हटलं की लोकांना हाच आठवायचा. फ्रीमाँटहून रोज लोकल पकडणारा माणूस ज्या तळ्याशेजारून जातो, त्याच्या तळाशी दोन हजार वर्षांची ही नोंदवही आहे.

आता ज्याच्या नावाने ते कॉलेज आहे, त्या अँथनी शाबोकडे येऊ. या एका माणसाच्या आयुष्यात अर्धा अभ्यासक्रम बसतो. क्युबेकमध्ये जन्मलेला शाबो सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला आला. १८५२ साली त्याने जाड कापडाची नळी शिवून उंचावरचं पाणी खाली खाणीत आणलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एकाने अशा नळीला तोटी बसवली आणि पाण्याच्या फवाऱ्याने डोंगर फोडायचं तंत्र तयार झालं. सिएरा नेवाडाच्या उतारावरचे डोंगरच्या डोंगर असे धुऊन काढले गेले. सोनं चिमूटभर, बाकी सगळा गाळ. तो नद्यांत उतरला, नद्यांची पात्रं उंच झाली, पूर शेतांत आणि गावांत शिरले. शेतकरी न्यायालयात गेले आणि १८८४ साली न्यायाधीश सॉयर यांनी नद्यांत गाळ सोडायला मनाई केली.

गाळ मात्र न्यायालयाचा हुकूम मानत नाही. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या भूगर्भशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं नद्या मोजून १९१७ साली अहवाल प्रसिद्ध केला. पनामा कालव्यासाठी जेवढी माती उपसली, तिच्या जवळजवळ आठपट हा गाळ होता. तो एका लाटेसारखा नदीतून हळूहळू खाली सरकतो आहे आणि अनेक दशकं तो समुद्राच्या खाडीपर्यंत येत राहणार, हे गिल्बर्टने दाखवून दिलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराचे काही भाग त्याने उथळ झाले. सोनं पकडायला वापरलेला पारा आजही त्या चिखलात आहे. हेवर्ड त्याच उपसागराच्या काठावर वसलं आहे.

शाबो पुढे शहरांना पाणी पुरवणारा बडा कंत्राटदार झाला. ऑकलंडला पाणी द्यायला त्याने १८६८ च्या सुमारास टेमेस्कल ओढ्यावर मातीचं धरण बांधलं. जागा छान होती. आयता खोलगट भाग आणि पाणी धरून ठेवणारी जमीन. तो खोलगट भाग टायसन लगूनसारखाच, फॉल्टमुळे खचून झालेला होता. म्हणजे ज्या रेषेने त्याच वर्षी अख्खा परगणा हलवला, तिच्यावरच त्याने पाणी अडवलं होतं. दोष त्याचा नाही. जमीन अशा रेषांवर ताण साठवते आणि एक दिवस सुटते, हे १९०६ च्या भूकंपाचा अभ्यास करून हॅरी रीड या शास्त्रज्ञाने १९१० मध्ये मांडलं. टेमेस्कल तळं आजही तिथेच आहे.

भौतिक भूगोलाखेरीज माणसांच्या भूगोलाचा दुसरा विषय असतो, आणि जीआयएस म्हणजे संगणकावर थरावर थर ठेवून नकाशे करण्याचा तिसरा. नोकऱ्या या तिसऱ्यात आहेत. पाणीपुरवठा, अग्निशमन, वीज, शेती, सगळीकडे हे नकाशे लागतात. ऑकलंडच्या आसपासच्या विद्यार्थ्याला त्यात करून पाहण्यासारखा एक प्रयोग आहे आणि तो मन सुन्न करतो. १९३० च्या दशकात एका सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा भाग कर्जाला उत्तम, लाल भाग धोक्याचा. लाल रंग द्यायच्या कारणांत तिथे राहणाऱ्यांचा वंश उघडपणे लिहिलेला असे. ऑकलंडच्या टेकड्या हिरव्या झाल्या, उपसागराकडची सपाटी लाल. हा जुना नकाशा खाली ठेवायचा आणि त्यावर उपग्रहाने टिपलेल्या तापमानाचा थर टाकायचा. २०२० साली १०८ अमेरिकी शहरांसाठी असं केलं गेलं, तेव्हा लाल भाग त्याच शहरातल्या इतर भागांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सिअसने तापलेले निघाले. कर्ज नाही म्हणून घरं सुधारली नाहीत, झाडं लागली नाहीत, बागा झाल्या नाहीत, जमीन स्वस्त म्हणून महामार्ग तिथूनच गेले. नव्वद वर्षांपूर्वी कुणीतरी कचेरीत बसून मारलेला रंग आज थर्मामीटरवर वाचता येतो, हे ज्याला स्वतःच्या गल्लीत दिसतं, त्याला भूगोल कशाला शिकायचा हे वेगळं सांगावं लागत नाही.

भौतिक भूगोलातला हवामानाचा धडा तर लोकलमध्ये बसून शिकता येतो. जुलैच्या दुपारी सॅन फ्रान्सिस्कोत स्वेटर घालून बार्टमध्ये बसा आणि पूर्वेला डब्लिन स्टेशनावर उतरा. तासाभरात स्वेटर हातात येतो. सॅन फ्रान्सिस्कोचं जुलैतलं दुपारचं तापमान सरासरी विशीच्या आतबाहेर असतं, डब्लिनच्या पुढच्या लिव्हरमोरला बत्तीसच्या आसपास. अंतर पासष्ट किलोमीटर. उन्हाळ्यात वायव्येचे वारे किनाऱ्याला समांतर वाहतात, वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटलं जातं आणि खोलातलं थंडगार पाणी वर येतं. त्याला टेकलेली हवा थंड होऊन धुकं बनते. वरून उतरणारी कोरडी उबदार हवा त्या धुक्यावर झाकणासारखी बसते, म्हणून ते वर जाऊ शकत नाही. इकडे आतल्या खोऱ्यात ऊन तापतं, हवा वर चढते आणि दाब कमी होतो. मग ते धुकं डोंगररांगेतल्या समुद्रसपाटीवरच्या खिंडीतून, म्हणजे गोल्डन गेटमधून, आत ओढलं जातं. आत जितकं तापेल तितकं किनाऱ्यावर गारठेल. किनाऱ्याजवळच्या रेडवूड झाडांच्या वनात एका अभ्यासात वर्षाच्या पाण्यापैकी साधारण तिसरा हिस्सा या धुक्याच्या ठिबकण्यातून आलेला आढळला. उन्हाळ्यात तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही.

पाऊस येतो हिवाळ्यात, आणि इथे मराठी विद्यार्थी वर्गात सर्वांच्या आधी हात वर करू शकतो. पॅसिफिककडून आलेली वादळं सांताक्रूझच्या डोंगररांगेवर धडकतात. समुद्राच्या बाजूच्या बेन लोमंडला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, पलीकडच्या सॅन होजेला चारशेसुद्धा भरत नाही. महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या वर आणि तीसेक किलोमीटरवरच्या वाईला हजाराच्या आत, हे ज्याला लहानपणापासून ठाऊक आहे, त्याला प्रतिरोध पर्जन्य आणि पर्जन्यछायेचा प्रदेश समजावायची गरज पडत नाही. त्याला नवीन असतं ते ऋतूचं गणित. सह्याद्रीवर पाऊस येतो तो उन्हाळ्यात तापलेली जमीन समुद्रावरचे वारे ओढून घेते म्हणून. कॅलिफोर्नियासमोर पॅसिफिकवर उन्हाळ्यात हवेच्या जास्त दाबाचा मोठा पट्टा मुक्काम ठोकतो आणि वादळं उत्तरेला वळवतो. सूर्य दक्षिणेला गेला की तो पट्टाही दक्षिणेला सरकतो आणि वादळांना वाट मिळते. भूमध्य समुद्राभोवती, मध्य चिलीत, केपटाऊनला आणि ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात हेच घडतं, कारण हे सगळे प्रदेश खंडांच्या पश्चिम बाजूला साधारण त्याच अक्षवृत्तांवर आहेत. म्हणून सॅन होजेमागच्या टेकड्या डिसेंबरात हिरव्या व्हायला लागतात, आणि आपल्याकडे पहिला पाऊस पडून डोंगर हिरवे होतात तेव्हा तिकडचं गवत पार वाळलेलं असतं.